माकडताप गावाच्या शिवारात आला तर काय करायचं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यासाठी सविस्तर माहिती

काजूच्या हंगामात जंगलात एखादं वानर मेलेलं सापडतं, त्याच आठवड्यात गावातल्या एखाद्या मजुराला सडकून ताप येतो, आणि संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल लागलेला असतो: माकडताप आला. मग त्या मजुराच्या घराकडे कुणी फिरकत नाही, पोरांना शाळेतून घरी आणलं जातं, कुणी तरी माकडं हाकलायला फटाके घेऊन निघतं. आणि ज्या जागी ते वानर मेलं, त्याच जागी दुसऱ्या दिवशी बायका जळणाला जातात. भीती वाटणं चुकीचं नाही, कारण रोग खरोखरच घातक आहे. चूक होते ती भीती कशाची धरायची यात. माकडताप झालेल्या माणसाजवळ बसल्यानं तो होत नाही. जंगलातल्या पाचोळ्यात बसल्यानं होऊ शकतो. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीभोवती आहे.

रोग नेमका कसा पसरतो

माकडताप हा गोचीड चावल्यानं होणारा विषाणूचा ताप. हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९५७ मध्ये, शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात. म्हणून त्याचं कागदोपत्री नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी. सरकारी फलकांवर कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’ लिहिलेलं असतं, ते हेच. अनेक दशकं तो शिवमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांपुरता राहिला. नंतर तो सह्याद्रीच्या कण्यानं दोन्हीकडे सरकला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले. २०१६ मध्येच सत्तरीतल्या काजूबागांत कामाला गेलेल्या बेळगाव भागातल्या मजुरांनाही तो झाल्याचं तपासणीत निष्पन्न झालं. म्हणजे आपल्याकडे रोग येण्याच्या वाटा दोन आहेत: आपलंच जंगल, आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात केलेली रोजगाराची फेरी.

विषाणू राहतो गोचिडीत आणि उंदीर-चिचुंद्रीसारख्या छोट्या प्राण्यांत. वानर (काळ्या तोंडाचं) आणि लाल तोंडाचं माकड या दोघांना विषाणू असलेली गोचीड चावली की ती बहुधा आजारी पडून मरतात. माकड जिवंत असताना अंगावरच्या गोचिडी त्याच्या रक्तावर जगतात. ते मेलं, अंग थंड पडलं, की त्या उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात आणि पुढच्या गरम रक्ताच्या प्राण्याची वाट बघतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीची जागा सगळ्यात धोक्याची.

गोचिडीच्या तीन अवस्थांपैकी माणसाला मुख्यतः मधली अवस्था, म्हणजे अर्धवट वाढलेलं पिल्लू चावतं. ते रक्त प्यायच्या आधी खसखशीच्या दाण्याएवढं असतं, चावलेलं कळतही नाही. ही पिल्लं साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाचोळ्यात असतात, आणि काजू बी वेचणं, जळण तोडणं, शेतासाठी पाला गोळा करणं ही सगळी कामंही याच महिन्यांत येतात. पाऊस लागला की पिल्लांची संख्या घटते आणि रोगाचा हंगाम संपतो. मोठी गोचीड पावसाळ्यात गुरांच्या अंगावर वाढते. रानात चरणारी गुरं रोग देत नाहीत, पण गोचिडी वाढवतात आणि गोठ्यापर्यंत आणतात.

माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. डासानं होत नाही. दुधातून झाल्याचा पुरावा नाही. दूध उकळून प्यावं ते इतर कारणांसाठी. काजू बी, फणस, रानमेवा यातून होत नाही.

मेलेलं माकड दिसलं: पहिला दिवस

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून हे जरा सविस्तर.

थांबा आणि जवळ जाऊ नका. साधारण ५० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची वीस पावलं, एवढं अंतर ठेवा. आरोग्य खातं औषध फवारताना हेच ५० फुटांचं वर्तुळ धरतं. सोबत कुत्रं असेल तर त्याला आधी परत बोलवा. ते हुंगत जवळ जातं आणि अंगावर गोचिडी घेऊन थेट अंगणात येतं.

लांबूनच मोबाइलवर फोटो काढा आणि लोकेशन पाठवा. जंगलात रेंज नसेल तर फोटो काढून ठेवा आणि जागेची खूण लक्षात ठेवा: कुठल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, कुणाच्या बागेच्या कुंपणापासून किती पावलं. ‘वरच्या रानात’ एवढंच सांगितलं तर पथक अर्धा दिवस फिरत बसतं. परतताना वाटेवर, वर्तुळाच्या बाहेर, झाडाला एखादं लाल फडकं किंवा पिशवी बांधा.

मग तीन ठिकाणी कळवा. प्राथमिक आरोग्य केंद्र (आशाताईंमार्फत चालेल), वन खात्याचा गार्ड किंवा १९२६ ही वन खात्याची हेल्पलाइन, आणि ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). तिघांनाही कळवा, कारण कामं वाटलेली आहेत: शवविच्छेदन पशुवैद्य करतात, शव हलवायला आणि जाळायला वन खात्याची परवानगी लागते, माणसांचा ताप आरोग्य खातं बघतं. एकालाच सांगितलं तर निरोप तिथंच अडकतो. कळवल्याची वेळ लिहून ठेवा.

घाई कशासाठी? शव २४ तासांच्या आत मिळालं तर आतल्या अवयवांचे नमुने तपासायला उपयोगी पडतात. उन्हात दोन दिवस पडलेलं शव कुजतं आणि तपासणीत काही निघत नाही. ‘काही निघालं नाही’ याचा अर्थ ‘रोग नव्हता’ असा घेतला जातो, आणि तोच घातक गैरसमज. शव जुनं असलं तरी कळवायचंच. नमुना गेला, पण गोचिडी तिथंच आहेत. पथक पांढरं कापड पाचोळ्यावरून ओढून गोचिडी गोळा करतं आणि त्या तपासता येतात.

प्रत्येक मेलेलं माकड माकडतापानंच मेलं असं नाही. विजेच्या तारेखाली भाजलेलं, रस्त्यावर गाडीखाली आलेलं, कुत्र्यांनी फाडलेलं माकड वेगळं ओळखू येतं. पण जंगलात, अंगावर जखम नसलेलं, आणि विशेषतः आठवड्याभरात त्याच पट्ट्यात दुसरं सापडलं, तर निदान येण्याची वाट न बघता खबरदारी सुरू करा.

आता एक नाजूक विषय. आपल्याकडे वानर म्हणजे मारुतीरायाचं रूप. वानर गेलं की गावकरी त्याला आंघोळ घालतात, हळद-गुलाल वाहतात, हार घालून खांद्यावरून मिरवत नेतात, देवळाजवळ पुरतात. एरवी यात वावगं काही नाही. पण नोव्हेंबर ते मे या काळात जंगलपट्ट्यातल्या गावात ही अंत्ययात्रा म्हणजे गोचिडी भरलेलं शरीर घरोघरी फिरवणं आहे. थेट ‘अंधश्रद्धा सोडा’ म्हणून हे थांबत नाही, उलट लोक लपून करतात. उपाय असा, की पुजारी आणि गावातल्या जाणत्यांना हंगामाआधीच विश्वासात घ्यायचं. शव पथक जाळेल, पूजा आणि नैवेद्य देवळात होईल, शवाला कुणी हात लावणार नाही, हे आधी ठरलेलं असलं की वेळेला वाद होत नाही.

शव जाळल्यावर पथक त्या वर्तुळात मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी किंवा फवारा मारतं. हे काम पथकालाच करू द्या. शेतातला पंप घेऊन घरचं कीटकनाशक अंदाजानं मारू नका, ओढ्याजवळ तर नाहीच. फवारणीनंतरही ती जागा त्या हंगामापुरती सोडून द्या. जळण, पाला, बकऱ्या चारणं, सगळं दुसरीकडे. पाऊस नीट लागून आरोग्य केंद्र मोकळी करा म्हणेपर्यंत.

आणि माकडं मारणं किंवा रानाला वणवा लावणं, या दोन्ही गोष्टी कुणी सुचवल्या तर तिथंच थांबवा. माकडं मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि वणवा लावणं हाही गुन्हाच. शिवाय मारलेल्या माकडाच्या अंगावरूनही गोचिडी तशाच उतरतात, आणि वणव्यानं बिथरलेली टोळी सरळ वस्तीत येते.

रानात जायचंच असेल तर

‘जंगलात जाऊ नका’ हा फलक लावणाऱ्याला सोपा आणि पाळणाऱ्याला अशक्य. मार्चमध्ये काजू सोडून घरी बसणं मजुराला परवडत नाही. सरसकट बंदी घातली की लोक जातातच, फक्त ताप आल्यावर कुठं गेलो होतो ते सांगत नाहीत. त्यापेक्षा मेलेल्या माकडाच्या जागा कडक बंद ठेवा आणि बाकी ठिकाणी नीट तयारीनं जा.

कपडे फिक्या रंगाचे, म्हणजे गोचीड चटकन दिसते. पूर्ण बाहीचा शर्ट आत खोचलेला, पँटचे पाय मोज्यात घातलेले, वर बूट किंवा गमबूट. बायकांनी साडीखाली लेगिंग्ज किंवा जुनी पँट घालून तिचे पाय मोज्यात घालावेत. साडीचा घोळ पाचोळ्यावरून फिरतो आणि गोचिडी तिथूनच वर चढतात, म्हणून साडी थोडी वर खोचलेली बरी. चप्पल घालून जाणं म्हणजे बाकीची सगळी तयारी वाया घालवणं.

तेल. आरोग्य केंद्रातून डीएमपी किंवा डेपा हे गोचीड दूर ठेवणारं तेल मोफत मिळतं. निघण्याच्या आधी मान, कानांमागे, हात, पाय, मोज्याची वरची कड आणि पँटच्या पायांवर चोळा. डोळे, ओठ, जखम आणि लहान मुलांच्या तळहातांना लावू नका. घड्याळ, चष्म्याची काडी अशा प्लास्टिकला लागलं तर ते खराब होतं. एका माणसाला एका वेळेला साधारण १० मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे धरा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत निर्धास्त राहणं. घामानं तेल निघून जातं, म्हणून बाटलीवर दिलेल्या वेळेनंतर, आणि जास्तीत जास्त जेवणाच्या सुटीत, पुन्हा लावायचं. त्या हिशेबानं एका मजुराला २५ दिवसांच्या कामाला अर्धा लिटर लागेल. गावातले किती जण रानात जातात ते मोजून पंचायतीनं ऑक्टोबरातच मागणी करावी. फेब्रुवारीत मागितलं तर मार्च संपता संपता येतं.

तेल नसेल तर मेडिकलमध्ये मिळणारं डीट असलेलं मलम किंवा स्प्रे चालतो, पण ते डासांसाठीचं कमी ताकदीचं असतं, असर लवकर जातो, वारंवार लावावं लागतं. खोबरेलात कापूर, कडुनिंबाचा रस, तंबाखूचं पाणी यांच्या भरवशावर जाऊ नका.

जेवायला, विडी ओढायला पाचोळ्यावर बसू नका. खडकावर किंवा साफ केलेल्या जागेत बसा. काजू वेचण्याआधी झाडाखालचा पाला लांब दांड्याच्या झाडणीनं बाजूला करा. बागमालकांनी हंगामाच्या सुरुवातीलाच हे करून घेतलं तर मजुरांचं वाकून पाला चाळणं वाचतं. जळणाची मोळी डोक्यावर थेट घेऊ नका, आपटून झटका, खाली जाड चुंबळ ठेवा, आणि घरात न आणता अंगणाच्या कडेला उन्हात ठेवा.

घरी आल्यावर

उंबऱ्याबाहेरच कपडे काढा आणि उकळत्या पाण्यात टाका. फक्त गार पाण्यात भिजवल्यानं गोचीड मरत नाही. गरम पाणी, साबण लावून अंघोळ. मग अंग तपासणं, आणि ते एकट्यानं होत नाही. केसांची रेषा, कानांमागे, मान, काख, छातीखाली, कमरेचा नाडीचा पट्टा, जांघ, गुडघ्यामागे, पायाच्या बोटांच्या बेचक्या. नुकतंच चढलेलं, न चिकटलेलं पिल्लू सेलोटेपनं उचलून टेप दुमडून टाकता येतं.

चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्यानं, अगदी कातडीलगत पकडा आणि न पिळता, न झटकता, सरळ वर हळूहळू ओढा. जळती विडी, रॉकेल, चुना लावू नका. त्यानं गोचीड सुटत नाही, उलट आतला द्रव जखमेत सोडते. नखावर चिरडूही नका. बाटलीत स्पिरिट घालून त्यात टाका. जखम साबणानं धुवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. गोचीड चावली म्हणजे रोग झालाच असं नाही. बहुतेक गोचिडींत विषाणू नसतो. चावल्यावर घ्यायचं कुठलंही औषध नाही. पुढचे दोन आठवडे तापावर लक्ष ठेवायचं, एवढंच.

गुरांसाठी गोचीडनाशक पशुवैद्यांकडून घ्या. आयव्हरमेक्टिनसारखं औषध दिलं असेल तर किती दिवस दूध वापरायचं नाही हे विचारल्याशिवाय डेअरीला दूध घालू नका.

ताप आला: दिवस मोजायला लागा

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो. तो हळूहळू चढत नाही, अचानक येतो: थंडी वाजून जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, कंबर, मांड्या, पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळे लाल, उलट्या, पोट बिघडणं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं, शौचाला काळं होतं. बहुतेक रुग्ण आठ-दहा दिवसांत उतरणीला लागतात. पण दहापैकी एक-दोघांना एक-दोन आठवडे बरं वाटून ताप पुन्हा येतो, आणि या वेळी डोक्यावर: तीव्र डोकेदुखी, मान ताठणं, हात थरथरणं, नजर अंधूक होणं, बरळणं. म्हणून ‘ताप गेला, कामावर चाललो’ हे पहिल्या महिन्यात नको. शंभर रुग्णांत साधारण ३ ते ५ जण दगावतात. या विषाणूवर थेट औषध नाही. वेळेवर सलाइन, रक्तस्रावावर लक्ष आणि गरज पडल्यास रक्तघटक, यानंच जीव वाचतो.

पहिल्याच दिवशी आशाताईंना सांगा. कारण तपासणी दिवसांवर अवलंबून आहे. तापाच्या पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणू असतो, तेव्हा आरटीपीसीआर उपयोगी. पुढे विषाणू रक्तातून जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर आयजीएम ही दुसरी तपासणी कामाची ठरते. बाराव्या दिवशी फक्त आरटीपीसीआर केलं आणि ‘निगेटिव्ह’ आलं, तर त्यावर विसंबू नका. दुसरी तपासणी झाली का ते विचारा. ही तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. आरोग्य केंद्रानं घेतलेला नमुना बर्फाच्या पेटीतून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ठरलेल्या सरकारी प्रयोगशाळेत जातो. नमुन्याच्या कागदावर ताप सुरू झाल्याची तारीख बरोबर लिहिली आहे ना, हे स्वतः बघा.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी: ताप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला सुरू झाला, गेल्या दोन आठवड्यांत कुठल्या रानात गेलो, गोवा किंवा दोडामार्ग-चंदगडसह, मेलेलं माकड पाहिलं का, गोचीड चावली का, आधी कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं घेतली. हे सांगितलं नाही तर प्लेटलेट कमी दिसल्या की कागदावर डेंगी लिहून मोकळे होतात, कारण दोन्हींत प्लेटलेट उतरतात. उलटही खरं आहे: रानात जाणाऱ्याचा प्रत्येक ताप माकडताप नसतो. मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस तपासायलाच हवेत. स्क्रब टायफसमध्ये बऱ्याचदा, नेहमीच नव्हे, अंगावर कुठं तरी काळी खपली दिसते आणि डॉक्सिसायक्लिननं तो बरा होतो. तो माकडतापाच्या गडबडीत सुटला तर बरा होणारा माणूस जातो.

घरी काय द्यायचं? मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. मुलांना वजनानुसार, किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. दारू पिणाऱ्या किंवा यकृताचा त्रास असलेल्याला डॉक्टरांना विचारूनच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं टाळा. अंगदुखी असह्य असल्यानं लोक गावातल्या डॉक्टरकडे ‘एक सुई मारा’ म्हणून जातात, आणि ती सुई बहुधा डायक्लोफेनॅकचीच असते. प्लेटलेट कमी असताना त्यानं रक्तस्राव वाढतो, आणि सुई टोचलेल्या जागीही रक्त साकळतं. पिण्याचं प्रमाण दिवसाला अडीच-तीन लिटर: ओआरएस (एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अंदाजानं नव्हे), पेज, ताक, शहाळं.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर १०८ बोलवा: कुठूनही रक्त, काळी शौच, थांबत नसलेल्या उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, पोटात सतत कळ, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, मान ताठणं, झटका. कणकुंबी किंवा आमगावच्या आतल्या वाड्यांवरून गाडीला वेळ लागतो, म्हणून लक्षण गंभीर होण्याची वाट बघू नका. वाटेत खानापूरच्या सरकारी दवाखान्यात सलाइन लावून मग बेळगावला बिम्सकडे (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) नेणं हे बऱ्याचदा थेट नेण्यापेक्षा शहाणपणाचं.

रुग्णाला घरात वेगळं ठेवायची गरज नाही. ताटवाटी वेगळी नको. रक्त किंवा उलटी साफ करताना हातमोजे घाला, हात धुवा. दगावलेल्या माणसाचे अंत्यविधी नेहमीसारखे होऊ द्या.

सीमेमुळे होणारा घोळ

इथला मजूर काम करतो सत्तरीत, ताप येतो खानापुरात, दाखवतो कधी बेळगावात तर कधी चंदगडात. एका राज्याच्या खात्याला रुग्ण कळतो, दुसऱ्याला जागा कळत नाही, आणि ज्या बागेत लागण झाली तिथं दुसरी टोळी काम करत राहते. हे टाळायला टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमानं एक वही ठेवावी: नाव, गाव, बागेचं ठिकाण, जाण्याची आणि परतीची तारीख, मोबाइल. जाताना गावच्या आशाताईंना एक प्रत, परतल्यावर दोन आठवडे रोज तापाची चौकशी. बाहेरच्या राज्यात दाखवलं तर केसपेपरचा फोटो आपल्या आरोग्य केंद्राला पाठवा, म्हणजे आपले तालुका आरोग्य अधिकारी तिकडे कळवू शकतात.

दुसरा घोळ भाषेचा. पत्रकं कन्नडमध्ये येतात, ती वाचता न येणारे निम्म्याहून जास्त असलेल्या वाड्यांवर ती भिंतीवर तशीच राहतात. वाद घालण्यात हंगाम जातो. शाळेतल्या शिक्षकाकडून एका पानाचं मराठी करून घ्या, वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून सही-शिक्का घ्या आणि दोन्ही पत्रकं शेजारी लावा. सही नसलेलं मराठी पत्रक म्हणजे आणखी एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज.

गावाची बैठक कशी घ्यावी

पहिला रुग्ण किंवा माकडाचा अहवाल आला की दोन दिवसांत बैठक घ्या, तीही संध्याकाळी सातनंतर, मजूर परतल्यावर. दवंडी द्या, फक्त ग्रुपवर टाकू नका. बोलणारे तीनच: वैद्यकीय अधिकारी, वन खात्याचा माणूस, पीडीओ. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही.

बोलण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रोग कशानं होत नाही ते सांगा, कारण लोकांच्या मनात तेच घोळत असतं आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचं कुणी ऐकत नाही. मग शिवारातल्या नावांनिशी बंद जागा. मग तेल कुठं आणि कधी मिळेल. शेवटी ताप आल्यावर कुणाला सांगायचं, एकच नंबर. पाऊण तासात आटपा आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्या. ‘घाबरू नका’ एवढंच सांगून बैठक संपवली तर लोक जास्त घाबरतात. जळण आणि काजूचं काम बरंच बायका करतात आणि या बैठकीत त्या मागं बसतात, म्हणून अंगणवाडीत आशाताईंसोबत त्यांची वेगळी बैठक घ्या, तेल लावून दाखवा, गोचीड काढायचा चिमटा हातात द्या.

पंचायतीत एक वही उघडा. एका बाजूला तापाचे रुग्ण: घर, ताप सुरू झाल्याची तारीख, रानात कुठं गेले, नमुना घेतल्याची तारीख, कोणती तपासणी, निकाल. दुसऱ्या बाजूला माकडं: सापडल्याची तारीख, जागा, कुणाला किती वाजता कळवलं, शव कधी जाळलं, फवारणी झाली का. महिन्याभरात या दोन बाजू शेजारी ठेवल्या की कुठल्या रानातून ताप येतोय ते गावालाच दिसतं. शिवाय फवारणी झाली नाही, तेल आलं नाही, असं तालुक्याला विचारताना तारखा हातात असतात. अफवा आली तर त्याच दिवशी वहीवरून उत्तर द्या. काही शंका असेल तर १०४ या आरोग्य साहाय्यवाणीवर विचारता येतं.

लसीबद्दल

पूर्वी कर्नाटकात माकडतापाची लस दिली जायची: महिन्याच्या अंतरानं दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढं दरवर्षी. तिचा असर अपुरा पडत असल्यानं २०२२ मध्ये ती थांबवली. नवी लस तयार करण्याचं काम आयसीएमआरकडून (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सुरू झालं आहे. जुनी लस घेतलेल्यांनी तिच्या भरवशावर तेल आणि बूट सोडू नयेत. कुणी खासगीत ‘माकडतापाची सुई’ पैसे घेऊन देत असेल तर आरोग्य केंद्राला कळवा.

जूनमध्ये पाऊस नीट लागला आणि शेवटच्या रुग्णाला महिना होऊन गेला की बंद जागा मोकळ्या करायला हरकत नाही, मात्र आरोग्य केंद्राला विचारून. वही फेकू नका. ज्या रानात या वर्षी माकडं मेली, तिथंच पुढच्या नोव्हेंबरपासून आधी लक्ष ठेवायचं असतं, आणि तेलाची मागणीही त्याच आकड्यांवरून ऑक्टोबरात लिहायची असते.